पाडव्याची वही

मी एका शाळेत आठवड्यातून तीन दिवस मराठी शिकवते. 2017 साली दिवाळीची सुटी संपल्यावर पाचवीच्या मुलांना मी नेहमीचा निबंध घातला, 'माझी दिवाळी'. रात्रीची झाकपाक आटोपून 42 वह्या तपासायला बसले. पहिल्या वहीत पहाटे उठून उटणं, अभ्यंगस्नान, फराळ, फटाके. दुसऱ्या वहीत तेच, दहाव्या वहीतही तेच. सगळ्यांच्या आया लाडू-करंज्या करत होत्या आणि सगळ्यांची दिवाळी 'अशा रीतीने आनंदात' पार पडली होती! हसावं की रागवावं, काही कळेना.

तेवढ्यात आमचे चिरंजीव आपली वही घेऊन आले. ते तेव्हा दुसरीत होते. त्यांच्या बाईंनीही दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. चौथी ओळ होती, 'आम्ही मातीचा मोठा किल्ला केला.'

"अरे, यंदा किल्ला कुठे केला आपण? अंगणात तर वाळूचा ढीग पडला होता."

"पण आई, दिवाळीत किल्ला केला असंच लिहायचं असतं."

वह्या मिटल्या, दिवा मालवला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. त्या दिवाळीत आमच्या घरी खरं काय काय झालं होतं? धाकट्या दिरांची गाडी टेंभुर्णीजवळ बंद पडली आणि ठाण्याहून निघालेली ती मंडळी बार्शीला पोहोचली रात्री दोन वाजता. ऐन लक्ष्मीपूजनाला वीज गेली, समयांच्या उजेडात आरती झाली. वन्संच्या मुलीने पहिल्यांदाच करंज्या केल्या, त्यातल्या निम्म्या तेलात फुटल्या. तो सगळा चुरा आम्ही चमच्याने खाल्ला आणि अगदी फस्त केला. यातलं एक अक्षर कुठे उतरलं नव्हतं. मोबाईलमध्ये तीनशे फोटो होते. त्यात सगळे हसत होते. पण कशाला हसत होते, ते फोटोतून थोडंच कळतं?

तुमच्या घरी तरी याहून काय वेगळं असणार? आपण घर झाडतो, फराळाचे डबे भरतो, माणसं येतात, चार दिवस घर दणाणतं, माणसं जातात. पुढच्या वर्षी विचारलं, "मागच्या दिवाळीला चकली हसली होती ना, कशाने बरं?" तर कुणालाच आठवत नाही. म्हणून आमच्या घरी चालू झालेल्या एका वहीबद्दल आज तुम्हाला सांगणार आहे. खर्च फार नाही, वेळ फार नाही. एक पथ्य मात्र आहे. ते पुढे सांगते.

कोरी वही

आमच्या ह्यांचं बियाणं-खतांचं छोटंसं दुकान आहे. व्यापाऱ्यांकडे लक्ष्मीपूजनाला वहीपूजन असतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' आणि स्वस्तिक काढायचं, हळद-कुंकू, अक्षता, फूल वाहायचं, पाडव्यापासून नव्या वहीत नवं खातं. दुकानाचा हिशोब आता संगणकावर असतो. पण वहीची पूजा कशी मोडायची? म्हणून दरवर्षी एक जाड पुठ्ठ्याची वही येते, पूजा होते आणि ती कोरीच्या कोरी कपाटात जाऊन पडते.

आमच्या माळ्यावर 1962 सालापासूनच्या दुकानाच्या वह्या लाल कापडात बांधून ठेवलेल्या आहेत. मामंजी फार टापटिपीचे होते. 1983 साली कुणी किती पोती उधार नेली आणि कुणाची उधारी बुडाली, ते आजही काढून दाखवता येतं. पण त्याच 1983 साली या घरात कोण आजारी होतं, कोणाचं बारसं झालं, दिवाळीला कोण आलं नव्हतं, ते विचारा. कोणी सांगू शकत नाही.

मामंजींनी घराण्याची वंशावळही लिहून ठेवली आहे. सात पिढ्या आहेत, पण एकाही बाईचं नाव नाही. 2015 साली त्यांच्या अस्थी घेऊन हे आणि मोठे दीर नाशिकला गेले. तिथले तीर्थोपाध्याय यजमानांच्या नावांच्या वह्या पिढ्यान् पिढ्या सांभाळतात. त्यांच्या वहीत आजेसासऱ्यांची सही सापडली! घरी येऊन ह्यांनी ते अगदी भरल्या गळ्याने सांगितलं. मी विचारलं, "आणि आजेसासूबाईंचं काही?" तर ते नव्हतं. त्याही यात्रेला बरोबर गेल्या होत्या म्हणे. पण त्यांना लिहायला कोणी सांगितलं नसावं.

2018 च्या लक्ष्मीपूजनाला नेहमीप्रमाणे कोरी वही आली, पूजा झाली. दुसऱ्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, "ही वही मला द्या." हे म्हणाले, "पूजेची वही आहे ती." मी म्हटलं, "मग लिहिण्यासाठीच ना पूजतो आपण?"

पहिलं वर्ष

पाडव्याला दुपारची जेवणं झाली. ओवाळणी व्हायची होती. चौदा माणसं घरात होती. मी वहीचं पान उघडून वर लिहिलं, 'कार्तिक शुद्ध प्रतिपदा, शके 1940, दिनांक 8 नोव्हेंबर 2018', खाली हजर माणसांची नावं लिहिली आणि वही फिरवली. प्रत्येकाला एक पान.

काय काय सबबी ऐकल्या म्हणून सांगू! मोठे दीर म्हणाले, "लिहिण्यासारखं काय आहे? सगळं ठीक आहे." आणि खरंच 'सगळं ठीक आहे' एवढंच लिहून सही ठोकली. कॉलेजात जाणारा पुतण्या म्हणाला, "काकू, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे की." मी म्हटलं, "बरं, मागच्या दिवाळीचा निरोप काढून दाखव." तो बराच वेळ बोट फिरवत बसला आणि मग निमूटपणे त्याने पेन घेतलं. मुलांनी चित्रं काढली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे पंजे पानावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली.

राहिल्या सासूबाई. त्यांच्यापुढे वही धरली तर त्यांनी हातच मागे घेतला. "मला बाई लिहायला लावू नका. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आणि माझ्याकडे लिहिण्यासारखं आहे काय?" शेवटी त्यांनी आपल्या पानावर कुंकवाचं बोट टेकवलं.

मी त्यांना लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट सांगून पाहिली. लक्ष्मीबाई लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या आणि त्यांची 'स्मृतिचित्रे' 1934 सालापासून पुस्तकरूपाने निघू लागली. आज मराठीच्या अभ्यासात त्यांच्यावाचून पान हलत नाही. आई म्हणाल्या, "त्या कुठं, मी कुठं!" 2019 लाही कुंकवाचं बोट. 2020 साली करोनामुळे कोणीच आलं नाही. ज्यांनी त्यांनी आपला मजकूर फोनवर सांगितला, मी तो वहीत उतरवला आणि खाली 'फोनवरून' असं लिहिलं. आईंचं मात्र तेव्हाही कुंकवाचंच बोट.

काय लिहायचं?

"लिहा" म्हटलं की माणसाचं डोकं रिकामं होतं. म्हणून मी दुसऱ्या वर्षापासून पहिल्या पानावर प्रश्नच लिहून ठेवले. तुम्हालाही उपयोगी पडतील.

यंदा घरात नवीन काय आलं, जुनं काय गेलं? वर्षातली सर्वांत कठीण गोष्ट कोणती? कोणाचे आभार मानायचे राहिले? यंदाच्या दिवाळीत काय फसलं? आणि पुढच्या वर्षी काय वेगळं करायचं?

त्याशिवाय काही पानं साऱ्या घराची म्हणून ठेवावीत. कोण हजर, कोण गैरहजर आणि का, हे एका पानावर. मुलांची उंची एका पानावर. भिंतीवरच्या खुणा रंग देताना जातात, वहीतल्या राहतात. एका पानावर त्या वर्षीचे भाव लिहा. तूरडाळ, तेल, साखर, गॅसचं सिलिंडर, सोनं. आज ते नीरस वाटेल. दहा वर्षांनी हेच पान सगळे आधी उघडतील, बघा.

आणि फराळाचं पान तर हवंच. पाककृती पुस्तकात मिळते, पण आपल्या घरची कृती, आपल्या घरच्या चुकांसकट, कुठे मिळणार? आमच्या वहीत आईंच्या भाजणीचं प्रमाण आहे: तांदूळ 4 वाट्या, हरभऱ्याची डाळ 2 वाट्या, उडदाची डाळ 1 वाटी, मुगाची डाळ अर्धी वाटी, धने पाव वाटी, जिरं 2 चमचे. सगळं मंद आचेवर वेगवेगळं भाजायचं आणि गार झाल्यावर दळून आणायचं. त्याखाली 2019 ची नोंद: 'मोहन जास्त झालं, चकल्या तेलात हसल्या. एका घाण्यावर ओळखून थोडी कोरडी भाजणी मिसळली, मग जमल्या.' त्याखाली 2021 ची: 'मोहन कमी पडलं, चकल्या दगड. वन्संच्या दाढेला चीर.' आता सांगा, अशी नोंद कुठल्या पुस्तकात सापडेल?

मुलांना शुद्धलेखनाबद्दल टोकू नका. मी मराठीची शिक्षिका, माझा हात किती शिवशिवतो ते माझं मला ठाऊक! पण एकदा लाल शाई लागली की पुढच्या वर्षी ते मूल लिहीत नाही. तोच निबंध लिहितं.

वही टिकवायची कशी?

जाड पुठ्ठ्याची, शिवलेल्या पानांची वही घ्या. तारेच्या वहीची पानं निखळतात. दोनशे पानी वही मध्यम कुटुंबाला दहा-बारा वर्षं सहज पुरते. लिहायला बॉलपेन बरं. शाईच्या पेनाचं लिखाण पाण्याच्या एका थेंबाने पसरतं, आणि दिवाळीत घरात पाणी, तेल, तूप सगळंच सांडत असतं.

फोटो दोन-तीनच लावा, पण छापून आणून लावा. खळीने चिकटवू नका, खळीला कसर लागते. चिकटपट्टीही नको. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि डाग मागे ठेवते. पानाला चार बारीक चिरा पाडून फोटोचे कोपरे त्यात अडकवावेत. फोटोत कोण आहे ते शेजारी लगेच लिहावं. "पुढे कळेलच" म्हणून सोडलेल्या फोटोतली माणसं वीस वर्षांनी कोणालाच ओळखता येत नाहीत. दुकानातून मिळणारी गुळगुळीत कागदाची बिलं चिकटवण्यात अर्थ नाही. त्यांवरची अक्षरं उडून जातात. आकडा वहीत उतरवून घ्यावा.

ठेवताना वही मांजरपाटाच्या धुतलेल्या फडक्यात बांधावी, आपल्याकडे पोथी बांधतात तशी. आत कडुलिंबाची वाळलेली पानं घालावीत आणि दर दिवाळीला ती बदलावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो. स्वयंपाकघरातला माळा नको आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाटही नको. पावसाळ्यानंतर एकदा सावलीत उघडून वारा द्यावा, कडक उन्हात ठेवू नये. आणि आता मोबाईल आहेच हातात, तर पाडव्याला रात्री प्रत्येक पानाचा फोटो काढून सगळ्यांना पाठवून द्यावा. वही एका घरी राहते, प्रती चार घरी जातात.

पान फाडायचं नाही

आता ते पथ्य सांगते. ते मी ठरवलेलं नाही. सासूबाईंनी ठरवलं.

2021 ची दिवाळी. करोनानंतर सगळे पुन्हा जमले होते. मोठ्या जाऊबाई पुण्याला नोकरी करतात. वही त्यांच्याकडे गेली. त्या नेहमी चार गोड ओळी लिहीत. या वेळी बराच वेळ लिहीत राहिल्या आणि वही उघडीच ठेवून आत निघून गेल्या. मोठ्या दिरांनी ती वाचली आणि त्यांचा चेहराच उतरला.

जाऊबाईंनी लिहिलं होतं: 'तीन दिवसांत चौदा माणसांचे सहा स्वयंपाक झाले. फराळ वेगळा. अंगणातल्या खुर्चीवर मी एकदाही बसले नाही. सगळे म्हणतात घरी गेल्यासारखं वाटतं. मला ऑफिसातून ऑफिसात आल्यासारखं वाटतं.'

खरं सांगू? ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. कारण त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, ते मीही लिहू शकले असते, पण लिहिलं नव्हतं.

दीर म्हणाले, "हे पान काढून टाका. उद्या पोरं वाचतील." आणि त्यांनी पानाला हात घातलासुद्धा. घरात एकदम शांतता. आई पाटावर वाती वळत बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "हात काढ. वहीचं पान फाडायचं नाही. तुझ्या वडिलांनी बुडालेली उधारीसुद्धा लिहिली आहे. त्यांनी फाडलं का एखादं पान? चुकलं असेल तर खाली लिही. फाडू नको."

दिरांनी हात काढला. खाली काही लिहिलं मात्र नाही. त्या रात्री दोघे फारसे बोलले नाहीत आणि भाऊबीज जरा अवघडल्यासारखीच झाली. मला वाटलं, संपली आपली वही. कशाला हे खूळ काढलं, असंही मनात आलं.

पुढच्या वर्षी दीर दोन दिवस आधी आले. येताना त्यांनी चार खुर्च्या आणल्या. 'पाडव्याची सकाळ पुरुषांची' असं स्वतःच जाहीर केलं. पोह्यांत मीठ दुप्पट झालं आणि चहा दुधाला महाग होता, पण आम्ही तिघी जावा आणि वन्सं अंगणात खुर्च्या टाकून बसलो. सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळच्या स्वयंपाकाला आम्हीच होतो. पण सहा स्वयंपाकांतले दोन कमी झाले. ते पान फाडलं असतं तर तेवढेही झाले नसते.

ग्रहणाची दुपार

त्याच वर्षीची, म्हणजे 2022 ची, गोष्ट. तुम्हाला आठवत असेल, त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, 25 ऑक्टोबरला, खंडग्रास सूर्यग्रहण आलं होतं. त्यामुळे मध्ये एक दिवस रिकामा गेला आणि पाडवा-भाऊबीज एकाच दिवशी आली. आई ग्रहणाचे वेध पाळतात. मुलांचं जेवण सकाळीच उरकलं होतं. चूल बंद. ऐन दिवाळीत स्वयंपाकघर रिकामं, असा दिवस आमच्या घरी पूर्वी कधी आला नसेल.

दुपारी मी आडवी झाले होते. आई जवळ येऊन म्हणाल्या, "ती वही कुठंय? आणि पेन दे." मी उठून दिलं. त्या खिडकीपाशी जाऊन बसल्या. तासाभराने वही माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मोठ्याने वाचू नको."

त्यांनी लिहिलेलं त्यांच्या परवानगीने इथे देते आहे. चार ठिकाणी विरामचिन्हं तेवढी मी घातली आहेत:

'1972 साली पाऊस पडला नाही. मी सातवीत होते. माझी शाळा सुटली. आई आणि मी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतो. करमाळ्याकडचा रस्ता. वडील आधी लाजेनं येत नव्हते, मग तेही आले. दिवाळीला पण काम होतं. संध्याकाळी आईनं मिलोची भाकरी केली. ती थापताना तुटायची. घरात वाटीभर तेल होतं. पणती लावू का कालवणात घालू, असं आई विचारत होती. वडील म्हणाले, एक पणती लाव. ती विझेपर्यंत आम्ही जागे होतो. लग्नाच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही. ह्यांना पण मी कधी सांगितलं नाही. मी तेल मोजते त्याला कुणी चिकटपणा म्हणू नये.'

मैत्रिणींनो, 1972 चा दुष्काळ मी पुस्तकात वाचला होता. रेशनवर मिळणारा अमेरिकेतला लाल मिलो, मुलांना वाटायची सुकडी, दुष्काळी कामं, सगळं वाचलं होतं. 1977 साली झालेल्या रोजगार हमीच्या कायद्यामागे त्या दुष्काळाचा अनुभव होता, हेही बीएला शिकले होते. पण ज्या बाईच्या हाताखाली मी इतकी वर्षं स्वयंपाक केला, तिने त्या दुष्काळात हातोडी धरली होती, ते मला ठाऊक नव्हतं. तिच्या मुलांनाही नव्हतं. मामंजी तर न कळताच गेले.

आणि मला आठवलं माझं 2019 चं पान. आईंना तेल मोजून घालायची सवय आहे. तळण झालं की उरलेलं तेल गाळून किटलीत, किटलीवर झाकण, कितपत उरलं त्यावर लक्ष. आम्ही जावा त्यावरून मागे हसत असू. त्या वर्षी गंमत म्हणून मी लिहिलं होतं: 'यंदाही किटलीवर आईंचा खडा पहारा. चकल्यांपेक्षा तेलाचा हिशोब मोठा!' आणि ते सगळ्यांना मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं. सगळे हसले होते. आईही हसल्या होत्या.

मी पेन घेऊन ती ओळ खोडायला गेले. आई म्हणाल्या, "राहू दे."

"पण आई, मी फार वाईट लिहिलं हो."

"खोडलंस तर मी हे का लिहिलं ते कुणाला कळणार? राहू दे. खाली लिही."

मग मी तिच्या खाली त्या दिवसाची तारीख घालून लिहिलं की ही ओळ लिहिताना मला काही माहीत नव्हतं. दोन्ही ओळी तिथे आहेत. सुनांनी आणि नातसुनांनी पुढे खुशाल वाचाव्यात.

जाताजाता मी त्यांना विचारलं, "आई, चार वर्षं नुसतं कुंकवाचं बोट टेकवलंत. आजच कसं लिहावंसं वाटलं?" त्या म्हणाल्या, "मोठीचं पान राहिलं ना."

मला वाटतं, या वहीचं सारं मर्म त्यातच आहे. गोड-गोड तेवढंच लिहायचं असेल तर कोणीही लिहील, आणि तो पुन्हा 'माझी दिवाळी' निबंधच होईल. घरातल्या बाईला जेव्हा खात्री पटते की आपण खरं लिहिलं तरी पान फाटणार नाही, तेव्हाच ती पेन मागते.

यंदा तुम्ही

"आमच्याकडे एवढी माणसं जमतच नाहीत," असं तुमच्यापैकी कोणी म्हणेल. मग दोघांचीच वही करा. फोनवरून आई-वडिलांकडून दोन ओळी घ्या. माहेरची वेगळी वही करायची असेल तर भाऊबीजेला करा. भावाला ओवाळून झालं की ताटातल्या ओवाळणीबरोबर एक पान लिहून मागा. "आमच्याकडे भांडणंच फार," असं म्हणणाऱ्या मैत्रिणीला मी सांगेन की पहिल्या वर्षी फक्त हजेरी, भाव आणि फराळाचं प्रमाण लिहा. चकलीवरून भांडण झालंच तर तेही लिहा. आणि आधीच सर्वांदेखत सांगून टाका: वाचून कोणी कोणाला जाब विचारायचा नाही, चुकलं असेल तर खाली लिहायचं, पान फाडायचं नाही.

दिवाळीच करा असंही नाही. कोकणातल्या घरी गणपतीला सगळे जमत असतील तर ती वही गणपतीची. ख्रिस्ती मैत्रिणींची नाताळची, मुसलमान मैत्रिणींची ईदची. माणसं जमतील तो दिवस.

आमचे चिरंजीव 2023 च्या दिवाळीला तेरा वर्षांचे होते. त्या वर्षी भाऊबीज झाल्यावर मोठ्या दिरांनी गाडी काढली आणि आईंना माहेरच्या गावाला नेऊन आणलं. हेही बरोबर गेले. त्या रात्री मुलाने आपल्या पानावर जादा चार ओळी लिहिल्या: 'आजीने आम्हाला तो रस्ता दाखवला. तो आता डांबरी आहे. आजीने फोडलेली खडी खाली आहे, ती दिसत नाही. आजी गाडीतून उतरली नाही, खिडकीतून बघत होती.'

वाचलं आणि मला त्याची दुसरीतली वही आठवली. किल्ल्याची.

दसरा झाला की तुम्ही वाण्याची यादी करायला बसालच. रवा, मैदा, पिठीसाखर, डालडा किंवा तूप, भाजणीचं सामान. तिच्याच खाली लिहून ठेवा: एक वही, दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. आणि पहिलं पान घरातल्या अशा बाईला द्या, जी म्हणेल, "माझ्याकडे लिहिण्यासारखं आहे काय?" तिने नुसतं कुंकवाचं बोट टेकवलं तरी चालेल. पुढच्या वर्षी पुन्हा द्या.